जॉन्स आयलंडची टाळी बसली, गिटार मात्र बाहेर

मंडळी, टाळी बसली! पूर्ण नाही, पण गाताना दोन कडवी तरी टिकते. मागच्या वेळी मी वैतागून विचारलं होतं की गाय आणि कँडी कॅरवन या अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या लोकगायक जोडप्यावरच्या आमच्या कार्यक्रमातून जॉन्स आयलंडचा, म्हणजे साउथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांच्या बेटावरच्या गाण्यांचा, भाग काढूनच टाकू का. काढत नाही. उलट आता तोच सगळ्यात मोठा होणार आहे.

आधी दुखणं सांगते. मूव्हिंग स्टार हॉल हे त्या बेटावरचं प्रार्थनाघर, तिथल्या गाण्यांना वाद्य नाही. लाकडी जमिनीवर पाय आणि त्यावर टाळ्यांचे थर, एवढंच. आठ मात्रा धरल्या तर पाय १, ३, ५, ७ वर सरळ चालतो आणि मुख्य टाळी १, ४, ७ वर पडते. कागदावर पोरखेळ वाटतो. पण आम्हा दोघांचे हात आरत्या आणि भजनं करत वाढलेले. पाचवी मात्रा आली की माझी टाळी पडतेच. नवऱ्याचे हाल तर त्याहून वाईट. तो तबला शिकलाय, त्यामुळे पाचवर त्याला केरवा तालाची खाली, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, दिसते आणि हात हवेत फिरतो.

मेट्रोनोमने, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राने, काम आणखी बिघडवलं. तो प्रत्येक मात्रेला टिकटिकणार आणि हात त्याच्यामागे जाणार. या कामाला मेट्रोनोम नको, असं माझं ठाम मत झालंय. शेवटी नवऱ्याचा तबलाच कामी आला. ‘तकिट तकिट तक’ म्हणत घरातल्या हॉलमध्ये नुसतं चालायचं, टाळी फक्त ‘त’वर. तीन, तीन, दोन. काही दिवसांत हात पाचवर जायचा थांबला.

आणि मग गायला तोंड उघडलं की सगळं कोसळायचं! कारण ओळ समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आधीच सुरू होते. जीभ एकीकडे, हात दुसरीकडे, पाय गोंधळलेला. यातच बरेच आठवडे गेले. मग कॅरवननी तिथे केलेली ध्वनिमुद्रणं हेडफोन लावून पुन्हा ऐकली. टाळी पहिल्या ओळीपासून भरगच्च नसतेच. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात, आणि टाळी हळूहळू चढत जाते. आम्ही मात्र पहिल्या शब्दापासून सगळं एकदम करायला बघत होतो. आता ओळ टाकणाऱ्याने फक्त पाय चालवायचा, झेलणाऱ्याने टाळी द्यायची, आणि कडवं संपलं की अदलाबदल. लगेच फरक पडला. नवरा तळवे खोलगट करून जाड टाळी देतो, मी बोटं सपाट आपटून बारीक. दोन माणसांत तीन थर ऐकू येतात, विश्वास ठेवा.

आमच्याकडे जमीन फरशीची. बारा मिलीमीटरचा प्लाय दोन पट्ट्यांवर ठोकला आणि खाली योगाची मॅट घातली. अठराचा घेऊ नका, आवाज मेलेला येतो. खालच्या काकूंची तक्रार अजून आलेली नाही.

आता गिटारचं. पावसाळ्यात साध्या तारांना गंज चढतो म्हणून मी महागड्या, लेप दिलेल्या तारा आणल्या होत्या. पैसे वसूल, शंकाच नाही. पण या भागात गिटार वाजणार नाही. १९६३ ते १९६५ कॅरवन जोडपं त्या बेटावर राहिलं, तिथल्या लोकांची गाणी आणि बोलणं टिपलं, उत्सव भरवले. सगळी धडपड बेटावरच्या लोकांचा आवाज पुढे यावा म्हणून. त्यावर माझं फिंगरपिकिंग कशाला?

गोष्ट सांगायची ती बेटावरच्याच इसॉ जेंकिन्सच्या बसची. बेटावरच्या लोकांना कामासाठी चार्ल्सटनला नेताना तो बसमध्येच त्यांची राज्यघटनेतल्या उताऱ्यांची तयारी करून घ्यायचा, कारण मतदार नोंदणीसाठी वाचनाची परीक्षा असे. त्यातून पुढे १९५७ मध्ये नागरिकत्व शाळा उभी राहिली, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, मूळची ब्यूटी पार्लर चालवणारी. आतापर्यंत आम्ही हे दोन गाण्यांच्या मध्ये सांगत होतो. हे लिहितानाच सुचतंय: मध्ये कशाला, टाळीवरच सांगू की! कीर्तनकार नाही का गात-बोलत आख्यान पुढे नेत? एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने बस चालवायची. आज रात्रीच करून बघते.

यामुळे सुरुवातही बदलेल. आतापर्यंत आम्ही एप्रिल १९६० पासून उघडत होतो, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात गाय कॅरवनने तिथे जमलेल्या चळवळीतल्या विद्यार्थ्यांना ‘वुई शॅल ओव्हरकम’ शिकवलं तिथून. ते आता शेवटी. ‘हम होंगे कामयाब’मुळे चाल सगळ्यांना पाठ आहे, प्रेक्षक स्वतःच गातील. सुरुवात कँडीपासून. बहुतेक ठिकाणी ती गायच्या गोष्टीला शेपटीसारखी जोडलेली असते, ते मला कधीच पटलं नाही. कॅलिफोर्नियाहून नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकायला आलेली ही गोरी मुलगी फेब्रुवारी १९६० मध्ये तिथल्या सिट-इनमध्ये, म्हणजे वंशभेदाविरुद्धच्या बैठ्या आंदोलनात, अटक होऊन तुरुंगात गेली, तेव्हा तिची आणि गायची ओळखही नव्हती. दोघं भेटली त्यानंतर, टेनेसीतल्या हायलँडर या चळवळीच्या प्रशिक्षण शाळेत. लग्न १९६१ मध्ये.

म्हणजे माझं निवेदन नव्याने लिहायचं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो गिटारवरच्या गाण्यांच्या बदललेल्या क्रमाचीच यादी करत बसलाय. ठेक्यासाठी जमिनीवर आपटायला लाकडी दांडाही हवाय. झाडूचा वापरून पाहिला, फार हलका. कुणी सागाचा किंवा बांबूचा भरीव दांडा वापरला असेल तर जाडी कळवा.