एल्ड्रिस की इझुला: रोजच्या खिशासाठी छोटा फिक्स्ड ब्लेड

रोज खिशात बाळगायला छोटा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न दुमडणारा चाकू, शोधतोय. मागच्या नोंदीतली अशा चाकूंची लांबलचक यादी आता दोन नावांवर आली आहे. एक मोराक्निव्ह या कंपनीचा एल्ड्रिस, दुसरा ईएसईई या कंपनीचा इझुला. दोन्ही सध्या आळीपाळीने जवळ बाळगतोय आणि रोजची तीच ती कामं दोघांकडूनही करून घेतोय: खोकी फोडणं, दोरी कापणं, फळं चिरणं, काटक्या तासणं.

आधी मापं. एल्ड्रिसचं पातं ५९ मिमी, इझुलाचं साधारण ६७. हा फरक वापरताना जाणवतसुद्धा नाही. जाणवते ती जाडी. एल्ड्रिसची पाठ २ मिमी, इझुलाची जवळपास ४, म्हणजे दुप्पट. खरेदी करताना आपण पोलादाच्या नावावरून तासन्‌तास वाद घालतो, पण हातात चाकू आल्यावर पहिल्या कापातच बोलते ती ही जाडी.

सफरचंद कापून बघा. एल्ड्रिस आत शिरतो आणि सरळ खाली उतरतो. फोडीचा काप गुळगुळीत, ओलसर चमकणारा. इझुलाची धार तितकीच तिखट असली तरी अर्ध्यावर गेल्यावर पातं पाचरीसारखं काम करायला लागतं. ‘कट्’ असा आवाज येतो आणि फोड कापली जायच्या आधीच तडकून सुटते. अरुंद पात्याला एवढी जाड पाठ दिली की दोन्ही बाजूंचा उतार उभा होणारच, त्यात चाकूचा दोष नाही. तो दणकटपणासाठी घडवला आहे आणि तिथे तो शब्दाला जागतो. त्याचं टोक लाकडात रुतवून थोडं उचकटताना मला धाकधूक होत नाही. एल्ड्रिसच्या टोकाशी असला खेळ मी करणार नाही.

पुठ्ठ्यावर मात्र चित्र वेगळं दिसलं. एल्ड्रिसचा स्कँडी ग्राइंड (पात्याच्या फक्त धारेकडच्या भागाला दिलेला सपाट उतार) जिथे संपतो तिथे एक ठळक कड असते आणि लांब काप घेताना ती पुठ्ठ्याला अडते. इझुलाचा फ्लॅट ग्राइंड, म्हणजे त्याच्या पात्याचा उतार, मध्ये कड न येता सलग उतरत येतो, पण त्यावरचं खरखरीत कोटिंग (संरक्षक थर) घासत राहतं. इथे दोघं बरोबरीत. लाकडावर पुन्हा एल्ड्रिसच पुढे: रुंद बेव्हल (तोच धारेकडचा उतार) लाकडावर टेकवला की बारीक वळणदार सालपटं निघत राहतात, कोन हाताने सांभाळावा लागत नाही.

मुठीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फोटोत ही गोष्ट कळत नाही. एल्ड्रिसची मूठ आखूड पण भरीव आहे. चारही बोटं जेमतेम मावतात, तरी तळहात पूर्ण भरतो आणि जोर लावताना चाकू फिरत नाही. इझुलाची मूठ लांबीला थोडी जास्त, पण ती म्हणजे भोकं पाडलेली ४ मिमीची पोलादी पट्टीच. दोन काटक्या तासल्या की कडा बोटांत रुतायला लागतात. पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत नायलॉनची दोरी) गुंडाळल्यावर पकड सुधारली. मात्र ओली झालेली दोरी लवकर सुकत नाही. मायकार्टाच्या (राळेत दाबून कडक केलेल्या कापडाच्या) पट्ट्या लावल्या तर पकड झकास होईल, पण मग खिशात सपाट बसण्याचा त्याचा मोठा गुण जाईल.

पोलादाचं थोडक्यात. एल्ड्रिस १२सी२७ या स्टेनलेस पोलादाचा, त्यात सुमारे १३.५ टक्के क्रोमियम. फळ कापून पुसला की झालं. इझुला १०९५चा, साधं कार्बन पोलाद. कोटिंग बाजूंना सांभाळतं, पण धारेची उघडी रेघ फळाच्या आंबट रसाने करडी पडते आणि ओली राहिली तर गंजाचे ठिपके धरते. तेलाचा एक थेंब पुरतो, फक्त तो रोज लक्षात ठेवावा लागतो. दगडावर धार लावायला दोन्ही गुणी आहेत.

म्यानं दोन्ही चांगली. एल्ड्रिसचं म्यान डावं-उजवं कसंही चालतं आणि ‘टक्’ करून बसतं. कोणताही चाकू गळ्यात अडकवणार असाल तर ताण येताच सुटणारी दोरीच घ्या, साधी अजिबात नको. आणि जिथे जाल तिथला चाकू बाळगण्याचा कायदा आधी वाचून घ्या.

आजघडीला खिशातली जागा एल्ड्रिसची आहे. माझी बहुतेक कामं कापण्याची आहेत, उचकटण्याची क्वचितच. तरी इझुला लगेच बाजूला ठेवत नाही. त्याची धार प्रत्येक बाजूला २० अंशांच्या आसपास आहे, ती भरड दगडावर १५ पर्यंत उतरवायला घेतली आहे. पाठ जाडच राहील, पण धारेमागचं पोलाद थोडं पातळ होईल. पुठ्ठ्यावर आणि दोरीवर त्याने किती फरक पडतो ते पुढच्या नोंदीत लिहितो. कोणी १०९५ इतक्या कमी कोनावर वापरत असेल तर धार दुमडते का, तेवढं जरूर सांगा.