चाळीस जणांचा संघ आणि साधनांची निवड

आज आमच्या विद्यार्थी-प्रकल्पसंघाच्या बैठकीतला बहुतेक वेळ कोणती डिजिटल साधने वापरायची, याच चर्चेत गेला. चाळीस जणांच्या संघात दोघादोघांच्या जोड्या 780 होतात. त्यामुळे सगळेच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडले, तर मंगळवारी ठरलेले माप शुक्रवारी शोधूनही सापडत नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा आग्रह अर्थातच गिटसाठी, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीसाठी होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या कामासाठी तयार केलेली ही प्रणाली मजकुराच्या ओळी उत्तम जुळवते. पण दोघांनी एकाच वेळी बदललेली कॅड फाइल (संगणकावर काढलेला यंत्रभागाचा आराखडा) तिला एकत्र करता येत नाही, शिवाय 100 एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब ही गिटमधले काम ऑनलाइन ठेवणारी सेवा साध्या मार्गाने घेतच नाही. म्हणून मेकॅनिकलच्या गटासाठी, एकाने उघडलेला भाग इतरांसाठी लॉक करणारी व्यवस्था मी सुचवली. ('गिअरबॉक्स_फायनल_खरंच_फायनल' ही फाइल पडद्यावर दिसल्यावर विरोध आपोआप मावळला.) कामांच्या नोंदीसाठी मात्र एकमत झाले नाही, माझ्या मते प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख असेल, तर साधी सामायिक स्प्रेडशीटही पुरते. सर्व खाती संघाच्याच ईमेलवर उघडायची, हे जाता जाता ठरले, कारण अंतिम वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातात.