पॉइंट गेले, टायमिंग फोनवर आलं
आज जुन्या इंजिनवर पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच) जाऊन ॲपवालं इग्निशन बसलं; ठिणगी कधी पडायची, म्हणजे टायमिंग, ते आता फोनवरून ठरतं. खरी मेहनत जुना डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढण्याआधीच असते: एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी) आणा, रोटरच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या हाताच्या, टोकाची खूण करा. इथे चुकलं तर टायमिंग १८० अंश उलटं बसतं, कार्बोरेटरमधून भडका येतो. पॉइंटसोबतचा जुना कंडेन्सर काढाच. युनिटला पूर्ण १२ व्होल्ट द्या, बॅलास्टच्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या) पुढून नको. प्लगच्या वायरी रेझिस्टरवाल्याच हव्यात. साध्या तांब्याच्या असल्या की आरपीएमचा आकडा उड्या मारतो, ब्लूटूथ तुटतं.

कर्व्ह (कुठल्या आरपीएमला ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडायची) सौम्य ठेवा: आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, १० अंश, ३००० आरपीएमला ३०. चढावर खडखड ऐकू आली तर त्या टप्प्यात २ अंश कमी करा. ॲपमधला आकडा म्हणजे नुसता हिशेब; खरं टायमिंग पुलीवरच्या खुणेवर, टायमिंग लाइटनेच बघा. आयडल इतकं गोड लागलंय की इंजिन बंद करवत नाही!