धूर दिसत नाही म्हणे

"बघा, चिमणीतून धूरच नाही!" चंद्रपूरच्या वीज केंद्राकडे बोट दाखवत आज एकजण म्हणाला. ते वाक्य डोक्यातून जाईना.

धूर दिसत नाही, कारण राख ईएसपीत, म्हणजे विजेच्या दाबाने धुरातली राख खेचून घेणाऱ्या यंत्रात, अडकते. हजारो व्होल्टचा दाब, प्लेटांना चिकटलेली राख, वरून हातोड्यांचे ठोके, खाली झडलेली राख झेलणारं नरसाळं, म्हणजे हॉपर. पण सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो. तो ईएसपीतून सरळ निघून जातो. त्याला धुवायला पाण्यात कालवलेल्या चुनखडीच्या भुकटीचा वेगळा फवारा लागतो.

आणि अडवलेली राख? आपला कोळसा 100 टन जाळा, 30-40 टन राख उरते. सिमेंटला, विटांना गेली नाही ती पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या बंधाऱ्यात. तिथे वरचा थर सुकला की वारा उचलतोच. थर ओला ठेवायला हवा, पण मे महिन्यात इरई धरणाचं पाणी राखेला द्यायचं की नळाला?