तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी जर्मन सेडान घ्यावी का?

रत्नागिरीत कुठेही भेटा, प्रश्न ठरलेला. तीन लिटर, सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू, २०१० ची, नव्या स्विफ्टच्या पैशात मिळतेय, घेऊ का? वर, किलोमीटर फार नाही झालेत हो! अहो, किलोमीटर सोडा. असलं इंजिन दीड लाखाला म्हातारं होत नाही, म्हातारं होतं भोवतीचं रबर आणि प्लास्टिक, ते शेडमध्ये उभ्या गाडीचंही होतं, त्यात आपली खारी हवा.

माझ्याकडे तसलीच आहे, तिचं आंबा घाटातलं सांगतो. आईला डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला नेत होतो, गाडी चढाला मस्त ओढत होती आणि एकदम पंखा घोंगावायला लागला, मीटरवर थर्मामीटरचं चिन्ह आधी पिवळं, मग लाल. या इंजिनचा, पाणी फिरवून ते गार ठेवणारा वॉटर पंप बेल्टवर नाही, विजेवर चालतो, त्यामुळे बरेचदा काही न सांगता सरळ बंद पडतो. मी तिथेच इंजिन बंद केलं, कारण इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं, थोडं जरी रेटलं असतं तरी वाकलं असतं. धुकं, पाऊस, मागून ट्रकांचे हॉर्न, आई मांडीवर छत्री धरून गप्प. शेवटी एक एसटी थांबली, गाडी घाटात सोडून आम्ही तिच्यात चढलो. ऑपरेशन झालं. पंप, थर्मोस्टॅट, टोइंग मिळून बिल पन्नास हजारांच्या वर गेलं.

घेताना मीच घरी सांगत होतो, नीट ठेवली की काही होत नाही. नीटच ठेवली होती ना! हा वाद माझा माझ्याशी अजून चालूय. आणि तरी सांगतो, पहाटे हातखंब्याहून पालीकडे रस्ता रिकामा असला आणि तिसऱ्यात पाय दाबला की टर्बो नसलेलं ते इंजिन जे सलग चढत जातं, ते मला नव्या गाड्यांत मिळत नाही. हौस म्हणा, मला राग नाही.

बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा, गार हवं, दोष लपवायला मुद्दाम तापवून ठेवतात. पायाखालचं कार्पेट उचला, सनरूफच्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी तिथेच उतरतं. फिरवून आल्यावर जळक्या ऑइलचा वास येतो का बघा. स्टेपनी नसते, पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात, ते कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनले ते सांगणारे त्यांच्यावरचे चार आकडे वाचा. पंधरा वर्षं झालीत, आरसी रिन्यू आहे का विचारा, ती फिटनेस होऊन पाचच वर्षांची मिळते. आणि पंप बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर पंप, होज, गास्केट सगळं किमतीतून वजा करून बोला, मालक नाही म्हणाला तर उठा. मी उठलो असतो का, ते मात्र ती चालू करून ऐकल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.