येल्त्सिनच्या गावात एका आजींचं पासबुक

मॉस्कोबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. क्रेमलिन पाहिलं, मेट्रोची स्टेशनं पाहिली, सगळं छान आहे आणि त्याचे फोटो तुमच्या ओळखीतल्या कुणी ना कुणी आधीच टाकलेले असणार. तिथून रेल्वेने एक दिवसाहून थोडं जास्त पूर्वेला गेलं की उरल पर्वत लागतो. पर्वत म्हणायचं म्हणून. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो खिडकीतून कधी आला, कधी गेला हे कळतही नाही. पलीकडे येकातेरिनबर्ग.

तिथे जायचं कारण घरगुती. बाबांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात गेली. त्याची बरीच अवजड यंत्रं इथल्या उरलमाश नावाच्या यंत्रकारखान्यातून आलेली. आमच्या घरात 'उरलमाश' हे नाव इतर घरांत किर्लोस्करचं घेतात तसं घेतलं जायचं. बाबांना रशियन इंजिनीयर भेटले, पण हे शहर पाहणं शक्यच नव्हतं. 1990 पर्यंत ते परदेशी माणसांना बंद होतं. नावही वेगळं होतं, स्वेर्दलोव्स्क. 1991 मध्ये शहराने जुनं नाव परत घेतलं. प्रांताने मात्र सोव्हिएत नाव आजही सोडलेलं नाही. एकाच पत्त्यात दोन राजवटी.

शेवटच्या झारला कुटुंबासकट जिथे गोळ्या घातल्या, ते घर 1977 मध्ये पाडलं. वरून आलेला हुकूम अमलात आणणारा इथला पक्षप्रमुख होता बोरिस येल्त्सिन, पुढे रशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला. आता त्या जागी मोठं चर्च आहे. गर्दी होती, डोक्याला रुमाल बांधून आत गेले, दहा मिनिटांत बाहेर आले.

पैशांचं आधी सांगते, कारण त्याने माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं. मार्च 2022 पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. म्हणजे डॉलर कंबरेला बांधून फिरायचं. एका बँकेत खिडकीमागच्या बाईंनी माझी शंभराची नोट दिव्याखाली धरली, उलटली आणि परत सरकवली. कोपऱ्यात कुणीतरी मारलेला शिक्का, मुगाच्या दाण्याएवढा. नाही म्हणजे नाही. जवळ उरलेल्या नोटांपैकी आणखी दोन तशाच निघाल्या. त्या दिवशी मी जेवणात फक्त बोर्श, म्हणजे बीटचं सूप, आणि पाव खाल्ला आणि रशियाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले.

राहिले होते एका आजींकडे. फ्लॅटमधली एक खोली त्या भाड्याने देतात. आयुष्यभर उरलमाशमध्ये ड्रॉइंगच्या टेबलावर काम केलेल्या. नात आर्किटेक्चर शिकते, इंग्रजी फर्डं. आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत. येल्त्सिन सेंटर, म्हणजे त्याच्या नावाचं संग्रहालय, पाहायचा हट्ट नातीचा. आजी तिथून ट्रामने पंधरा मिनिटांवर राहतात आणि 2015 मध्ये ते उघडल्यापासून एकदाही आत गेलेल्या नव्हत्या. "त्याच्याकडे मी कशाला जाऊ?" असं म्हणता म्हणता कोट चढवून तयार झाल्या. पाहुणी एकटी कशी जाणार, हे निमित्त.

ट्रामच्या थांब्यावर सैन्यभरतीचं मोठं पोस्टर होतं. अक्षरं धड लागत नसली तरी शून्यं मोजता येतात. नातीने त्याचं भाषांतर केलं नाही, मीही विचारलं नाही. आजी दुसरीकडे बघत होत्या.

सेंटर देखणं आहे, कबूल. आत शिरल्यावर बाकावर बसलेला येल्त्सिनचा पुतळा, शेजारी बसून लोक फोटो काढतात. आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी फोन पर्समध्ये ठेवला. मुख्य प्रदर्शन सात दालनांचं आहे, रशिया बदलून टाकणाऱ्या सात दिवसांवर. त्यातल्या एका दालनात सोव्हिएत अखेरचं किराणा दुकान जसंच्या तसं उभं केलंय. काउंटर, जुना तराजू, आणि फळ्यांवर मोजक्या बरण्या-डबे. बाकी ठणठणाट. शाळेची मुलं हसत फोटो काढत होती.

आजी काउंटरपाशी थांबल्या त्या हलेचनात. मग बोलायला लागल्या आणि नातीची भाषांतर करताना तारांबळ उडाली.

"फळ्या रिकाम्या होत्या, खरं आहे. पण घरचा फ्रीज भरलेला असायचा. ते कुठे लिहिलंय?" कारखान्यातून सणासुदीला सामानाचं पुडकं मिळायचं, ओळखीतून मांस मिळायचं, गावाबाहेरच्या दाचाच्या, म्हणजे छोट्या बागघराच्या, तुकड्यातले बटाटे वर्षभर पुरायचे. आणि पासबुकात साडेसहा हजार रूबल होते, झिगुली गाडीसाठी साठवलेले. थोडे कमी पडत होते, नंबरही लागायचा होता.

2 जानेवारी 1992 ला सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं. काही आठवड्यांत दुकानं भरायला लागली. "सगळं होतं. सॉसेज, चीज, सगळं. आम्ही आत जायचो, बघायचो, बाहेर यायचो." त्या एका वर्षात किमती साधारण सव्वीसपट झाल्या. मी तिथेच फोनवर भागाकार केला: साडेसहा हजारांचे वर्षाअखेरीस मागच्या वर्षीच्या हिशेबाने अडीचशे उरले. गाडीचे पैसे होते, पावसाळी बुटांचे झाले. पासबुकातला आकडा तस्साच, एक कोपेकही कमी नाही. आजींना सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. कुणी चोरी केली असती तर निदान पोलिसात जाता आलं असतं.

व्हाउचरची गोष्ट तर आणखी वरची. दर नागरिकाला सरकारी उद्योगांतला वाटा म्हणून दहा हजार रूबलचं एक व्हाउचर. खासगीकरण राबवणारे मंत्री अनातोली चुबाइस तेव्हा सांगायचे की एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांएवढी होईल. आजींनी आपलं एका गुंतवणूक फंडात घातलं, फंड गायब. शेजाऱ्याने साखरेच्या पोत्यावर दिलं, त्याला निदान साखर मिळाली. आणि ज्या उरलमाशमध्ये त्या कामाला होत्या, तिचे शेअर व्हाउचरांच्याच जोरावर गोळा केले काखा बेंदुकिद्झे नावाच्या, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ असलेल्या उद्योजकाने. पुढे तो जॉर्जियाचा मंत्री झाला. कारखान्यात पगार महिनोन्महिने लांबायचे.

मी आपली 1991 म्हणजे स्वातंत्र्य, रणगाड्यावर चढलेला येल्त्सिन, असं वाचत मोठी झालेली. ते खोटं नाही. पण रशियन माणूस 'स्थैर्य, स्थैर्य' का करतो यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी त्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहावं. सेंटरने रिकामी फळी हुबेहूब मांडलीय. रिकामं झालेलं पासबुक मांडायला तेवढा हात सैल सोडलेला नाही, असं मला वाटलं.

नात मात्र गप्प बसणारी नाही. "आजी, टीव्हीवर दर आठवड्याला बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा ना? येल्त्सिनची टर उडवणारा?"

आजी एकदम खुदकन हसल्या. "तो मी कधी चुकवला नाही."

"आता लावून दाखव तसा एखादा."

यावर आजींनी आजूबाजूला पाहिलं आणि पुढच्या दालनाकडे चालू लागल्या.

शेवटी येल्त्सिनचं क्रेमलिनमधलं ऑफिस आहे, 31 डिसेंबर 1999 ला राजीनामा दिला तेव्हाचं. त्या भाषणात त्याने देशाची माफी मागितली होती. आजी तेव्हा नव्या वर्षासाठी सॅलड कापत होत्या. "माफी मागितली. पैसे नाही दिले," एवढं बोलून त्यांनी कॅफे कुठे आहे ते विचारलं.

कॅफेत माझ्याकडे रूबल पुरेनात. शरमेने मी शिक्क्याच्या नोटांची कहाणी सांगितली. आजींनी बिल स्वतःच्या कार्डाने चुकतं केलं आणि हात पुढे केला: दाखव. नोट उजेडात धरून पाहिली. "बँकेला नको? मला दे, भाड्यात धरते." भावही बँकेपेक्षा चांगला लावला. ऑगस्ट 1998 मध्ये सरकारने कर्ज फेडायला हात वर केले, सहा रूबलला मिळणारा डॉलर वर्षाअखेर वीस रूबलच्या वर गेला. तेव्हापासून त्या शिल्लक रूबलमध्ये ठेवत नाहीत. टीव्हीवर डॉलरच्या मरणाच्या बातम्या रोज असतात. त्या बघतात आणि नोटा कपाटात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी उरलमाशच्या फाटकासमोर गेलो. चौकाचं नाव अजून 'पहिली पंचवार्षिक योजना'. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते आणि आजी एकमेकांना रोलिंग मिलचे भाग हातवारे करून सांगत होते, नात हतबल. नंतर मी बाबांना पासबुकाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारलं, "मग गाडी घेतली का शेवटी त्यांनी?"

नाही घेतली. पेन्शनरांना ट्रामच्या भाड्यात सवलत आहे, आणि आता पार्किंगचे दर काय झालेत याची कल्पना आहे का, असं आजींनी उलट मलाच सुनावलं.