साट्रेच्या वाटेवरचे थांबे

वाळपईच्या बाजारात सकाळी सात वाजता आमच्या वाटाड्या काकांनी आम्हा सहाजणांच्या फुगलेल्या पाठपिशव्यांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारले, "नारळ कोणाकडे आहे?" आमच्याकडे दोरी होती, टॉर्च होते, क्रेप बँडेज होते, इलेक्ट्रॉलची पाकिटे होती आणि आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी छापून दिलेला नकाशाही होता, नारळ मात्र कोणाकडेच नव्हता. काकांनी काही न बोलता समोरच्या दुकानातून तीन नारळ, उदबत्तीचा पुडा आणि पानसुपारी घेतली, पैसे आमच्याकडून देवविले आणि मग जीपमध्ये पुढच्या जागेवर जाऊन बसले.

मी डिचोलीत मराठी शिकवते. सत्तरी हा गोव्यातला आमच्या शेजारचा तालुका, तरी वाळपईच्या पलीकडे माझे जाणे आजवर लग्नकार्यापुरतेच झालेले. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, हे मी वर्गात सांगत आले आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बंड उभारले आणि ते १८५५ पर्यंत चालू राहिले, हेही सांगत आले आहे; पण ती माणसे ज्या रानाच्या आधाराने तीन वर्षे टिकली, ते रान मी पाहिलेले नव्हते. साट्रे गड चढून यायचा, हे या दोन दिवसांचे निमित्त. हा सारा मुलूख १९९९ साली घोषित झालेल्या, सुमारे २०८ चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्यात मोडतो, त्यामुळे वन खात्याची परवानगी आणि गावचा वाटाड्या बरोबर घेऊनच निघायचे असते. आमचे काका साट्र्याचेच, साठीला टेकलेले. सोबत त्यांचा भाचा, वाळपईला कॉलेजात शिकणारा. काका माझ्याशी मराठीत बोलत, भाच्याशी सत्तरीच्या बोलीत. ही बोली कोकणीची की मराठीची, हा वाद पणजीत बसून खुशाल घालावा. जीपमध्ये आम्हा सर्वांना ती समजत होती.

वेळापत्रक मी केले होते. दहाला बांबर, एकला साट्रे, पाच वाजेपर्यंत गडाची अर्धी चढण पाहून परत, असे ते होते. ते पहिल्याच थांब्यावर कोलमडले. ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाच्या देवळात काकांनी नारळ ठेवला आणि पुजाऱ्यांची वाट पाहत निवांत बसून राहिले. ही काळ्या पाषाणातली देखणी, दाढीधारी मूर्ती सोळाव्या शतकात पणजीकडच्या तिसवाडी तालुक्यातल्या करमळीहून भाविकांनी इथे आणली, आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले. धर्मांतराच्या त्या काळात देव घेऊन माणसे खाडी ओलांडून या बाजूला आली, हे आम्ही पुस्तकात वाचतो. पण एवढ्या वजनाची मूर्ती तिसवाडीहून सह्याद्रीच्या या पायथ्याशी आणायला किती दिवस लागले असतील, हा विचार मला तिथे पहिल्यांदा सुचला. पुजारी आले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

नानोड्याच्या बांबर वाड्याजवळ जीप सोडली आणि पायी निघालो. इथे निरंकाराची राई, म्हणजे देवराई आहे. राईच्या तोंडाशी काकांनी चपला काढल्या, म्हणून आम्हीही बूट काढले. आत पाऊल टाकताच उजेड बदलतो. जमीन पाणथळ, मधून ओहोळ वाहतो, आणि रानजायफळाच्या जातीच्या उंच सरळसोट झाडांची मुळे चिखलातून वर उसळी घेऊन, गुडघ्यासारखी वाकून पुन्हा चिखलात शिरतात. बारा महिने पाण्याखाली असलेल्या मातीत हवा नसते, म्हणून झाडे मुळांची ही कमान उघड्यावर काढून श्वास घेतात. अशा जायफळी दलदली सह्याद्रीत आता फार थोड्या उरल्या आहेत, आणि ही उरली ती निरंकाराच्या नावावर. देवाला आकार नाही, म्हणून देऊळ नाही. राई हेच त्याचे ठिकाण. आमच्यातल्या एकाने खाली पडलेले, लालसर जायपत्री अडकलेले एक फळ कुतूहलाने उचलून खिशात घालू पाहिले, तेव्हा काकांनी त्याच्या हाताकडे नुसते पाहिले. फळ जागेवर गेले. "आम्ही इथले वाळलेले पानसुद्धा चुलीत घालत नाही," असे ते बाहेर आल्यावर, चप्पल घालताना, अगदी सहज म्हणाले. पर्यावरण या विषयावर मी शाळेत निबंध लिहून घेते. त्यांतल्या एकाही निबंधात हे वाक्य आलेले मला आठवत नाही.

तिथून पुढची चाल सोपी आणि लांब होती. उस्त्याला म्हादई भेटली. पावसाळ्यात इथूनच रबरी होड्या फेसाळ पाण्यात सोडतात आणि गोव्याबाहेरचे पर्यटक आरडाओरडा करत खाली जातात. पौषात मात्र ती गुळगुळीत दगडांमधून कुजबुजत वाहणारी, घोटाभर पाण्याची नदी होती. काकांनी पात्रातला एक उथळ, वाळूचा वळसा दाखवला. त्यांचे आजोबा अशाच जागी पुरण शेती करत. उन्हाळ्यात पाणी अडवून, पात्रातच माती सपाट करून भात लावायचे आणि पाऊस येण्याआधी कापून घ्यायचे. मग नदी येऊन सगळे धुऊन नेई आणि पुढच्या वर्षीसाठी नवा गाळ ठेवून जाई. "कापायला चार दिवस उशीर झाला, तर भात म्हादई जेवली," असे त्यांनी सांगितले. म्हादईचे पाणी वळवण्यावरून दोन राज्यांत चाललेल्या तंट्याविषयी मी काही विचारले, त्यावर त्यांनी पाण्यात हात बुडवून तोंड धुतले, एवढेच.

कोदाळ मागे टाकून साट्र्याला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती आणि गडाची "अर्धी चढण" अर्थातच राहिली होती. मी वैतागले होते, हे लपवत नाही. आठ ठिकाणी आम्ही थांबलो असू: कुठे सातेरी देवीचे वारूळ, ज्याला इकडे रोयण म्हणतात, कुठे शिवेवरचा एखादा दगड, कुठे राखणदार देवचाराचे झाड, ज्याच्यापुढे काकांनी कानावरची विडी काढून ठेवली. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे, पण त्या दोन मिनिटांत काकांना घाई अशी ठाऊक नव्हती. काकांच्या घरी मातीच्या ओसरीवर पाठ टेकली, काकूंनी पेज आणि खारातली तोरे, म्हणजे कैऱ्या, पुढे ठेवली, आणि मीठ जिभेला लागल्यावर माझा राग बराच उतरला.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या की आज मांडावर धालो आहेत, बाईंना यायचे तर यावे. पुरुषांना आमंत्रण नव्हते. धालो हा बायकांचा खेळ, पौषातल्या रात्रींचा. पुरुषांनी फार तर लांब, काळोखात बसून ऐकावे. मी धालो पूर्वी पाहिले होते ते पणजीच्या रंगमंचावर, एकसारख्या नऊवाऱ्या, एकसारखे गजरे आणि ध्वनिक्षेपक यांच्यासह. इथला मांड म्हणजे एका घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण होते. मधोमध दिवा, त्यापुढे नारळ, बाजूला तुळस. बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहिल्या, एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफले, आणि एका रांगेने गीत उचलले की ती वाकून पुढे येई व दुसरी मागे सरे. सुरुवातीची गीते धरित्रीला आणि वनदेवतेला. पाऊल साधे आहे असे वाटले, म्हणून मी पाहत उभी राहिले. एवढ्यात कडेच्या एका आजीने "ये गो बाय" म्हणत मनगट धरले आणि रांगेत ओढले.

पाऊल साधे नाही. वाकताना श्वास सोडायचा आणि उठताना शब्द घ्यायचा, हे मला शेवटपर्यंत जमले नाही. पण रांगेत चूक करायला जागाच नसते, कारण तुमचे दोन्ही हात शेजारणींच्या पाठीवर असतात आणि त्यांचे तुमच्या. त्या वाकल्या की तुम्ही वाकता. माझ्या डाव्या हाताखाली आजीचा खांदा होता, चिपाडासारखा हलका, आणि तो दर वेळी माझ्या आधी क्षणभर खाली जाई. त्या क्षणाच्या अंतराने मी मागून चालत राहिले. काही गीतांत मराठी इतकी स्वच्छ होती की मी वर्गात ती फळ्यावर लिहिली असती, आणि काही ओळींचा अर्थ आजीलाही सांगता आला नाही; "आईकडून आले ते असेच आले," म्हणाल्या. शेवटच्या रात्री सोंगे होतात, काही बायकांच्या अंगात रंभा येते, त्या रात्रीपर्यंत राहा, असा आग्रह झाला. शाळा होती. मध्यरात्री परतताना ओसरीवर आमच्या गटातले चौघे पुरुष जागेच होते. लांबून काय ऐकू आले, असे विचारल्यावर एकाने "नुसता वाकल्याचा आवाज" असे उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी धुक्यातच निघालो. गावची शीव संपून रान लागते तिथे एक झिजलेला दगड आहे, त्यावर चार पायांचा आणि लांब शेपटीचा प्राणी कोरलेला ओळखू येतो. हा वाघ्रो. काकांनी उरलेला नारळ ठेवला, उभे राहून गाऱ्हाणे घातले: ही डिचोलीची, फोंड्याची माणसे तुझ्या रानात चालली आहेत, कोणाचे चुकले-माकले असेल तर पोटात घाल, गेलेली तशी परत आण. प्रत्येक वाक्याच्या शेवटी भाच्याने "व्हय म्हाराजा" म्हटले, आणि तिसऱ्या वाक्यापासून आम्हीही म्हणू लागलो.

याच अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मारले गेले. ज्या मुलखात वाघ दगडावर कोरून पुजला जातो तिथेच हे घडले, याचा मेळ मला घालता येत नव्हता, म्हणून मी काकांना विचारले. ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले की वाघाने म्हैस मारली तर घर बसते. आणि देवाला गाऱ्हाणे घालता येते, भरपाईच्या अर्जाला कोण "व्हय" म्हणणार? जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. माझे मत वाघाच्या बाजूचे होते आणि आहे. पण ते डिचोलीत बसून सांगणे सोपे होते, काकांच्या मागून चढण चढताना तितके सोपे राहिले नाही.

चढणीवर किंदळ आणि माटाची झाडे, अधूनमधून भेरले माड, आणि वाटेच्या कडेला गव्याचे ताजे शेण. एका घळीत शेकरू इतके जोरात किरकिरले की आम्ही सारे जागीच थबकलो. सुमारे दीड तास झाला असेल, तोच माझ्या उजव्या बुटाने दगा दिला. चार पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या त्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पुढच्या दहा पावलांत टाचेपर्यंत उघडून जिभेसारखा लोंबू लागला. क्रेप बँडेज बांधून पाहिले. ते पाच मिनिटांत फाटले. शेवटी भाचा बाकीच्या पाचजणांना घेऊन पुढे गेला आणि काका माझ्यासाठी मागे राहिले.

काका दहा पावले झुडपात गेले आणि केवणीच्या दोन काठ्या घेऊन आले. काठीच्या टोकाला कोयत्याने एक खाच पाडली, साल अंगठ्याने उचलली आणि एका ओढीत ती वरपासून खालपर्यंत सोलून काढली, ओलसर, पांढरट, कापडाच्या पट्टीसारखी. मांडीवर तळहाताने दोन पदर विरुद्ध दिशांना वळत त्यांनी वीत-वीत दोरी वाढवत नेली. मग बुटाखालून, घोट्यामागून आणि पुन्हा बुटाखालून तिचे तीन वेढे घेतले व गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूला मारली, कारण आत मारली तर दुसऱ्या पायाला घासते.

तिथे बसूनच त्यांनी समोरच्या डोंगराची सोंड दाखवली. मार्च २०२३ मध्ये याच डोंगरांवर वणवा लागला होता. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, ते आम्ही दूरदर्शन संचावर पाहिले होते. काका खाली होते, हातात हिरव्या फांद्यांचा झाडू घेऊन. हेलिकॉप्टर पाणी टाकून गेले की राखेत दडलेला निखारा पुन्हा धुमसू लागे, आणि तो शेवटी पायी जाऊनच विझवावा लागे. तीन रात्री घरी कोणी झोपले नव्हते. मी पाहिले तेव्हा त्या सोंडेवर गवत आले होते, झाडे काळ्या बुंध्यांनी उभी होती आणि काहींना पालवी फुटली होती.

बाकीचे माथ्यावर जाऊन आले आणि फोनमधली छायाचित्रे दाखवू लागले. त्यांत धुके पुष्कळ आणि दऱ्या थोड्या होत्या. उतरताना केवणीची दोरी एकदाही सैल झाली नाही. वाघ्रोपाशी काकांनी पुन्हा हात जोडले आणि माणसे मोजली.

काकांच्या ओसरीवर मी दोरी सोडली आणि सुटलेला तळ कचऱ्यात टाकावा म्हणून जागा शोधू लागले. काकांनी तो माझ्या हातून घेतला, वाकवून पाहिला, उन्हाकडे धरून जाडी पाहिली आणि भाच्याला हाक मारली. गोठ्याच्या फाटकाची बिजागरी कधीची तुटली होती, त्याला हे रबर बरोबर बसेल, असे ते म्हणाले; दुसऱ्या बुटाचा तळही सुटला तर तेवढा वाळपईला जीपवाल्याकडे पाठवून द्या, फाटकाला बिजागऱ्या दोन लागतात.